वाडा चार भावांचा म्हणता, बहिणी कुठे आहेत?

पत्र : आम्ही नाशिकरोडला राहतो. हे प्रेसमधून येत्या मार्चला निवृत्त होतील. निफाड तालुक्यात, सायखेड्याच्या पुढे गोदाकाठच्या एका गावात देशमुखांचा दोनचौकी वाडा विकायला निघालाय. सागवानी खांब, मागे आड, परसात चिंचा-आंबे आणि वाड्यामागे अकरा एकर जमीन. चार चुलतभाऊ मालक आहेत. एक गावात, दोन पुण्याला, एक अमेरिकेत. चौघेही विकायला तयार आहेत. एजंट म्हणतो, मुंबईची पार्टी मागे लागलीय, पंधरा दिवसांत पाच लाख टोकन द्या. ह्यांचं म्हणणं, फ्लॅट विकू, फंडाचे पैसे घालू आणि घेऊन टाकू. मुलगा पुण्यात असतो, तो म्हणतो होमस्टे काढू. ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसले तेव्हाच माझं मन तिथं गुंतलं, पण आता रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. वडिलांच्या शेतीवरचा हक्क मी भावाच्या नावे सोडून दिलाय. आमच्या दोघांच्या नावावर कुठेच सातबारा नाही. काय करावं? — एक वाचक, नाशिकरोड

ताई,

टोकन देऊ नका. मुंबईची पार्टी खरोखर असेल तर तिलाही हेच कागद तपासावे लागणार आहेत आणि ते पंधरा दिवसांत होत नाहीत. सिंहस्थ २०२७ तोंडावर आहे, त्यामुळे नाशिकच्या आसपास जमिनीचं नाव काढलं की भाव आणि घाई दोन्ही वाढतात. एजंटांना हे पक्कं ठाऊक असतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते एका गोष्टीसाठी. चौकांची संख्या आहे, खांबांचं लाकूड आहे, झाडांची नावं आहेत, चार भाऊ कुठे कुठे राहतात तेही आहे. त्या घरातल्या एकाही लेकीचा उल्लेख नाही. चौघे चुलतभाऊ म्हणजे निदान दोन शाखा. या चौघांना सख्ख्या बहिणी असतील, आत्या असतील, त्यातल्या कुणी वारल्या असतील तर त्यांची मुलं असतील. इतक्या मोठ्या घराण्यात दोन पिढ्या एकही मुलगी जन्मली नाही, हे मला पटत नाही.

एजंटला विचारलंत तर तो म्हणेल, "अहो, त्यांचं काही नसतं, त्या कधीच लग्न होऊन गेल्या." आता तसं राहिलेलं नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क दिलाय. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवे होते का, हा वाद बरीच वर्षं चालला. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तोही मिटवला : हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर, नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकमानं वाटप झालं असेल, तर गोष्ट वेगळी. "आमच्यात तोंडी वाटणी झाली होती" हे वाक्य मात्र तुमच्या कानावर पडणारच. त्याच निकालात न्यायालयानं म्हटलंय की तोंडी वाटणीची सबब सहजासहजी ऐकून घ्यायची नाही, तिला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागेल.

दुसरं वाक्य येईल ते असं : "सातबाऱ्यावर फक्त आम्हा चौघांची नावं आहेत, बघा." बघाच, पण तिथे थांबू नका. सातबारा महसूल गोळा करण्यासाठीचा कागद आहे, त्यावरून मालकी ठरत नाही. वारसनोंदीचे जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदी, तलाठ्याकडून काढा. खूप ठिकाणी असं दिसतं की आजोबा किंवा वडील गेल्यावर बहिणींची नावं लागली आणि पुढच्याच फेरफारात "हक्क सोडत असल्याचा जबाब दिला" म्हणून कमी झाली. तलाठ्यापुढच्या जबाबानं स्थावरातला हक्क जात नाही. त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. ते नसेल तर बहिणीचा किंवा तिच्या मुलांचा हिस्सा जिथे होता तिथेच आहे, आणि तुम्ही वाडा रंगवून, नळ बसवून, तुळस लावून झाल्यावर ते निफाडच्या कोर्टात वाटपाचा दावा लावू शकतात. तुम्ही स्वतः भावाला हक्कसोड करून दिलीत. सब-रजिस्ट्रारसमोर सही-अंगठा झाला होता का आठवा, म्हणजे फरक लगेच कळेल.

म्हणून पहिला कागद वंशावळीचा. पणजोबांपासून खाली, लेकी-सुना-नातवंडांसह, प्रतिज्ञापत्रावर. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ती दाखवा. माणसं चुलत्याचं नाव विसरतील, पण "यांची थोरली चांदोरीला दिली होती" हे विसरत नाहीत. वंशावळीत जितके हयात वारस, तितक्या सह्या खरेदीखतावर हव्यात, किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोड. एखादा वारस अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा असेल तर त्याचा हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी लागू शकते. अमेरिकेतल्या भावाचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यावं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरलेला असावा. तो अनिवासी असेल तर त्याच्या पैशातून कर कापून भरण्याची जबाबदारी तुमची आहे आणि तो दर नेहमीच्या १ टक्क्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो. ते काम सीएवर सोपवा.

"तीन भावांचं आत्ता करून घ्या, चौथ्याचं मागाहून बघू" असंही सुचवलं जाईल. वाड्याच्या बाबतीत हे कधीच करू नका. कुटुंबाच्या राहत्या घरातला एकाचा हिस्सा परक्यानं घेतला, तरी बाकीच्यांच्या बरोबरीनं आत राहायला जाण्याचा हक्क त्याला मिळत नाही. वैतागून त्यानं वाटपाचा दावा लावला तर १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे घरचेच त्याचा हिस्सा कोर्टानं ठरवलेल्या किमतीला काढून घेऊ शकतात. पैसे आणि वर्षं दोन्ही तुमची जातील.

आता जमिनीकडे येऊ. इथे तुमची अडचण भाऊबंदांपेक्षाही मोठी आहे. तुमच्या दोघांच्या नावावर सातबारा नाही. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात शेतजमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. तशी घेतली तर व्यवहार बेकायदा ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. बक्षीसपत्रालाही हीच आडकाठी आहे, त्यामुळे भावाकडून दोन गुंठे परत लिहून घेऊ, हा विचार मनात येऊन गेला असेल तर सोडून द्या. आणि कुणी "शेतकरी दाखला काढून देतो, खर्च एवढा" म्हणालं तर त्या माणसाशी पुढचं बोलणंच नको.

वाडा मात्र गावठाणात असेल तर तिथे ही अट नाही. घर आणि परस कुणालाही घेता येतं. तेव्हा एकच व्यवहार म्हणून तुमच्यापुढे आणलेल्या या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ मागा, पण तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे, हे लक्षात असू द्या. स्वामित्व योजनेत त्या गावाची ड्रोननं मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका निघालेली असेल. तिच्यावर कुणाची नावं आहेत आणि क्षेत्र किती आहे ते पाहा. परस नक्की कुठे संपतं आणि शेतीचा गट नंबर कुठे सुरू होतो, हे भूमी अभिलेखच्या मोजणीशिवाय कळणार नाही. चिंचेखालच्या ज्या जागेत मुलानं मनातल्या मनात गाड्या लावल्या आहेत, ती कदाचित शेतजमिनीत येत असेल. आणि चिंच काय, आंबा काय, दोन्ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. परवानगीशिवाय फांदी छाटाल फार तर, झाड पाडता येणार नाही.

अकरा एकरांचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे, ते सोडा. परवानगीची अडचण उद्या सुटली तरी सोडा. देशमुखी घराण्याची जमीन म्हणजे परगणा वतन असण्याचा संभव मोठा. ती वतनं १९५० च्या कायद्यानं गेली आणि जमिनी पुन्हा प्रदान झाल्या, त्यातल्या काही नव्या शर्तीनं, म्हणजे आजच्या भाषेत भोगवटादार वर्ग २. तशी नोंद असेल तर सरकारी परवानगी आणि नजराणा लागतो का, हे आधी तपासावं लागतं. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला अशा घराण्यांच्या किती तरी जमिनी कुळांकडे गेल्या. ही अकरा एकर कशी उरली, कुणाचं नाव इतर हक्कात अजून आहे का, पीकपाहणीच्या रकान्यात कोण दिसतं, विहिरीत कुणाचा किती हिस्सा लिहिलाय, हे सगळं खोदून काढावं लागेल. शिवाय त्या पट्ट्यात जमीन काळी आणि खोल. पाणी भरपूर आहे असं तुम्हाला सांगितलं असेल, पण निचरा नसेल तर ती क्षारपड होते. आणि गोदाकाठचा ऊस आला की बिबट्या आला. रात्रपाळीच्या विजेवर मोटर चालू करायला साठीतल्या माणसानं बॅटरी घेऊन जायचं, हे चित्र मला तरी बरं वाटत नाही. ज्यांनी जन्मभर प्रेसमध्ये घड्याळावर काम केलं त्यांनी निवृत्तीनंतर काय करावं हे सांगणारी मी कोण, पण शेती हा छंद म्हणून अकरा एकरांत होत नाही. एक एकरात कदाचित होईल.

राहिला वाडा. त्याचा मोह पडला तो खोटा नाही, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर लिहिते.

दिवाळीनंतर सगळेच वाडे सुंदर दिसतात. तुम्ही तो कधी पाहिलात ते लिहिलं नाहीत. झोपाळ्यावर निवांत बसलात म्हणजे पाऊस नसावा. पुढच्या वेळी जाल तेव्हा झोपाळ्यावर बसू नका, एक जाडसा पेचकस घेऊन जा. खांब जिथे दगडी तळखड्यावर उभा असतो तिथे बुडाशी टोचा. कसदार सागात टोक अडतं. लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर आत वाळवीनं काम केलंय, वरून खांब कितीही तेल पाजल्यासारखा चमकत असो. मग मान वर करून तुळया पाहा. तुळई मधे सहसा कुजत नाही, भिंतीत शिरते तिथे कुजते, कारण कौलातून झिरपलेलं पाणी भिंतीच्या माथ्यावरून तिथेच जिरतं. त्या टोकाशी काळपट डाग, पांढरी बुरशी किंवा भुकटी दिसली तर फोटो काढा. दोन चौकांच्या मधल्या पन्हळीखालची खोली नक्की उघडायला लावा. "तिची चावी पुण्याला आहे" असं उत्तर आलं तर तीच खोली बघायला पुन्हा जा.

भिंतींना सिमेंटचं प्लास्टर केलंय का? गावातला भाऊ अभिमानानं सांगेल की दर्शनी भिंती आम्ही पक्क्या करून घेतल्या. पांढरी माती, विटा आणि चुन्याची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि अंगातून सोडून देते. तिला सिमेंटचा अंगरखा घातला की ओल आत कोंडते, माती भुसभुशीत होते आणि काही पावसाळ्यांनी भिंत पोट काढते. नाशिकमध्ये भद्रकाली-पंचवटीतल्या वाड्यांच्या भिंती पावसाळ्यात पडल्याच्या बातम्या दरवर्षी वाचता ना. महापालिका मे-जूनमध्ये धोकादायक वाड्यांना नोटिसा देते त्या उगाच नाही. तेव्हा चुन्याचं काम केलेला स्ट्रक्चरल इंजिनियर आणा. नुसत्या आरसीसीवाल्याला आणलंत तर तो "पाडा आणि नवीन बांधा" एवढंच सांगेल, आणि त्याच्या दृष्टीनं त्याचं बरोबर असेल. दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या. तो खरेदीच्या आकड्याच्या जवळ गेला तर दचकू नका. दरवर्षी पावसाआधी कौलं शाकारणं, माकडांनी फोडलेली बदलणं, पन्हळी साफ करणं हा खर्च त्याच्याही वर, आणि तो थांबत नाही. मातीच्या वाड्यावर बँक गृहकर्ज सहज देत नाही, म्हणजे हा सगळा पैसा तुमच्या फंडातूनच जाणार.

पुराचं तर विचारलंच पाहिजे. २ ऑगस्ट २०१६ ला आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये सायखेडा-चांदोरीत गोदावरी घराघरांत शिरली होती. त्या दोन्ही वेळी पाणी वाड्याच्या जोत्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं हे भावांना नको, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा. जलसंपदा खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते तेही पाहा. जोत्याच्या वर पाणी आल्याचा डाग भिंतीवर सापडला तर माझा सल्ला एका शब्दाचा आहे : नको.

आणखी एक हिस्सेदार आहे, जो कुठल्याच कागदावर नसतो. गाव. अशा वाड्याला मान असतात. पोळ्याला बैल आधी त्याच्या दारात येतात, पालखी त्याच्या दिंडी दरवाज्याशी थांबते, उन्हाळ्यात त्याच्या आडावर शेजारच्या आळीच्या बायका पाण्याला येतात. परसातून मागच्या वस्तीकडे पायवाट जाते आणि बांधावर म्हसोबा असतो. तुम्ही कुंपण घातलंत, दरवाज्याला कुलूप लावलंत, की यातली प्रत्येक गोष्ट भांडण होते. मागच्या पडवीत एखादं सालदाराचं कुटुंब बापजाद्यांपासून राहत असेल तर "ते जातील हो" यावर विसंबू नका; त्यांच्याशी भावांनी आधी बोलून, लिहून, मोकळं करून द्यावं. देवघरातले टाक कोण नेणार? नवरात्रात भाऊबंद कुळाचाराला येतात, ते पुढेही येणार का? हे प्रश्न विचारायला संकोच वाटेल. पण पोळ्याच्या दिवशी दारात पुरणपोळीचं ताट घेऊन उभं राहायची तयारी आहे का, हे तुम्हाला स्वतःलाही विचारावं लागेल. मला वाटतं तुम्हाला ते आवडेल. ह्यांना विचारा.

होमस्टेच्या कल्पनेला मी थंड पाणी घालत नाही, फक्त आकडे मुलाकडून लिहून मागा. नांदूरमधमेश्वरच्या अभयारण्यात परदेशी पक्षी हिवाळ्यात येतात, तेव्हा पाहुणे येतील. २०२० मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा जाहीर झाल्यापासून नावही झालंय. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कोण येणार? वाइनरीवाला शनिवार-रविवारचा पर्यटक गंगापूर-दिंडोरीकडे वळतो. अभयारण्याच्या परिसरात बांधकामावर निर्बंध आहेत, तुमचं गाव त्यात येतं का ते वनखात्याकडून लेखी घ्या. आणि चादरी कोण बदलणार, हा प्रश्न पुण्यातल्या मुलाला अवश्य विचारा.

तर मी तुमच्या जागी असते तर भावांपुढे असा प्रस्ताव ठेवला असता : वाडा आणि परस तेवढंच घेऊ, जमीन तुम्ही गावातल्या शेतकऱ्याला द्या. त्याआधी वाडा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर आम्हाला द्या, मे महिन्यात सुरू करून. निम्मे दिवस तिथे, निम्मे नाशिकरोडला. एक अख्खा पावसाळा तुम्ही त्या कौलाखाली काढाल, तोवर वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे नोंदणी झालेल्या जुन्या व्यवहारांच्या तपासणीचा अहवाल, काढतील, पेपरात जाहीर नोटीस जाईल, आणि मोडीतले जुने कागद वाचून घेता येतील. ते मोडी कागद भाऊ रद्दीत देण्याच्या तयारीत असतील, ते आधी ताब्यात घ्या. बंद पडलेल्या घराला माणूस मिळतोय म्हटल्यावर गावातला भाऊ बहुधा हो म्हणेल.

फ्लॅट विकायचा नाही. कितीही मोह झाला, कितीही आकडा जुळला तरी नाही. निवृत्त जोडप्याला रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचता येईल असं एक घर शहरात हवंच. फ्लॅट न विकता वाडा परवडत नसेल तर वाडा परवडत नाही. हे ह्यांना माझ्या नावानं वाचून दाखवलंत तरी चालेल.

पुढे सगळं जुळून इसारपावती करायची वेळ आली तर तिला एक परिशिष्ट जोडा : खांब किती, कोरीव महिरपी किती, दरवाजे, कडीपाट, दिवळ्या, झोपाळा आणि त्याच्या पितळी कड्या, प्रत्येकाचा फोटो. इसार आणि खरेदीच्या मधल्या काळात जुन्या सागवानाचे व्यापारी टेम्पो घेऊन फिरत असतात. आणि रोखीत काही रक्कम मागितली तर द्यायची नाही, वाडा हातचा गेला तरी.

एजंटला उद्या फोन करून फक्त वंशावळ मागा. चार दिवसांत आली आणि तिच्यात बहिणींची नावं असली, तर पुढचं बोलू. मला तिची प्रत पाठवा, सर्च रिपोर्टचे पैसे तोवर खर्च करू नका.